टिपणिसांच्या गाडीचं मत

माणसाची योग्यता तो काय बोलतो यावर ठरत नाही. तो किती लांबून ऐकू येतो यावर ठरते. हे सत्य जगात इतरत्र वादग्रस्त असेल, पण दिल्ली आणि तिच्या आसपासच्या परिसरात ते केव्हाच सिद्ध झालेलं आहे. इथे वरात आधी ऐकू येते, मग दिसते. मंत्र्याचा ताफा आधी ऐकू येतो, मग दिसतो. भाजीवाला ऐकू येतो आणि आपण बाल्कनीत येईपर्यंत पुढच्या टॉवरला पोचलेला असतो. (प्रदूषण नुसतं दिसतं. म्हणून त्याला कुणी विचारत नाही.)

अशा परिसरात भालचंद्र टिपणीस यांनी आपलं आयुष्य हळू आवाजात काढलं, ही शौर्यपदकाच्या तोडीची कामगिरी आहे. ते कोपर्निकस मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहात खोल्यांची व्यवस्था बघायचे. मुंबईहून आलेले एक साहेब दुपारचे झोपलेले असतात. त्यांना न उठवता शेजारच्या खोलीतल्या साहेबांना चहा हवा का, हे विचारायचं, अशी ती नोकरी. या कलेत टिपणिसांचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी येताना आवाज परत वाढवून घ्यायचा राहून जाई. घरी त्यांनी पाणी मागितलं की पाणी मिळे, पण ते तहान चेहऱ्यावर दिसते म्हणून.

त्यांची मुलगी कृतिका अकरावीत. नाक आईचं, उंची आजोळची आणि आवाज, कुणाचा दोष नाही, बाबांचा. दहावीपर्यंत ती हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणायची आणि तिची गैरहजेरी लागायची. मग एकदा शेजारच्या टॉवरमधल्या सलोनीने तिला सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टवर ओढून नेलं. कृतिका मोकळ्या जागी उभी राहून शिस्तीत हात हलवत होती आणि बॉल दुसऱ्यांकडेच जात होता.

"अरे, तू ट्रॅफिक पोलीस आहे का?" सलोनी किंचाळली. (ती पंजाबी; मराठी तिने टिपणिसांच्या घरी पोह्यांबरोबर उचललेलं.) "हात नको हलवू. मांगना पडता है यार! चिल्ला!"

कृतिका चिल्लावली. तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडाली, एका काकांनी फोन खाली ठेवला, आणि बॉल आला. आपण मागितलं की बॉल येतो, हा शोध तिला सोळाव्या वर्षी लागला, आणि तेव्हापासून ती जी बोलायला लागली ती थांबलेली नाही. (थांबण्याची चिन्हंही नाहीत, असं तिची आई सुहासिनी बँकेत सर्वांना सांगते.) थोडक्यात, कृतिकाला स्वतःचा गळा सापडला तो त्या कोर्टवर. ते कोर्ट म्हणजे दोन गंजलेल्या रिंगा, एक अर्धवट जाळी आणि मधोमध अशी एक भेग, की तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय बास्केट होत नाही.

ज्या सोसायटीत हे कोर्ट होतं तिचं नाव 'प्रशांत व्हिस्टा ग्रँड'. नोएडा संपत नाही आणि गाझियाबाद सुरू होत नाही अशा ठिकाणी ती उभी आहे. तिचे सचिव दिनकर त्यागी. त्यांनी सोसायटीत शुद्ध लोकशाही आणली होती. त्यांचं तर्कशास्त्र निर्दोष होतं : मतं मोजायची तर माणसं मोजायला हवीत, माणसं मोजायची तर ती जागेवर बसायला हवीत, आणि ती जागेवर बसवायची तर समोसे शेवटी वाटावे लागतील, मग येणार कोण? सबब सर्व ठराव आवाजी मतदानाने. बाजूने मोठा आवाज आला की ठराव मंजूर. विरोधात आवाजच आला नाही की सर्वानुमते मंजूर. 'ज्या सभासदाचा आवाज ऐकू आला नाही, त्याची संमती आहे असे समजण्यात यावे', हा उपनियम त्यागींनी स्वतः लिहिला होता, आणि तो सर्वानुमते मंजूर झाला होता. (टिपणिसांनी विरोध केला होता.)

तसा टिपणिसांनी पुष्कळ गोष्टींना विरोध केलेला होता. टॉवरला जांभळा रंग द्यायला, लिफ्टमध्ये भजन लावायला, मांजरांना प्रवेशबंदी करायला. प्रत्येक सभेत ते अर्धवट उठायचे आणि म्हणायचे, "नहीं, मतलब, मुझे ज़रा ऐसा लगता है—" एवढ्यात टाळ्या पडायच्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तळमजल्यावरच्या प्रेमला मेश्राम बसायच्या. मूळच्या नागपूरच्या, सरकारी लेखा विभागात अधिकारी, गाडी नाही, ऑफिसला मेट्रोने. सोसायटीत मराठी घरं ही दोनच. दोघं एकमेकांना आपापला विरोध मराठीत समजावून सांगायचे, दोघांना तो पटायचा, आणि दोघांची संमती नोंदवली जायची.

मग मार्चमध्ये नोटीस लागली. बास्केटबॉल कोर्टच्या जागी 'प्रीमियम पार्किंग' करण्यात येईल. अंतिम मंजुरीसाठी, नियमाप्रमाणे, दोन सभा.

"बाबा, तुम्ही बोलणार आहात," कृतिका म्हणाली. प्रश्नचिन्ह नव्हतं.

"बोलतो ना."

"मोठ्याने."

"अगं, बोलतो म्हटलं ना मी," बाबा म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून सुहासिनीने विचारलं, "काय म्हणाले गं ते?"

पहिली सभा कोर्टवर झाली. अल्पवयीन असल्यामुळे कृतिका आणि तिची टीम कुंपणाबाहेर होती. टिपणीस उठले. चक्क पूर्ण उठले. त्यांचे ओठ बराच वेळ हलले. सलोनीने ओठ वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "अंकल शायद पानी माँग रहे हैं." ठराव सर्वानुमते पुढे गेला. नंतर बाबा सचिवांपाशी जाऊन म्हणाले, की माझा विरोध होता. त्यागी मनापासून हळहळले. त्यांनी टिपणिसांच्या खांद्यावर हात ठेवला, हातात समोसा ठेवला आणि म्हणाले, "तो बोलना था ना, टिपणीस जी!"

बाबांनी तो समोसा खाल्ला नाही. कृतिकाने त्यांना अन्नाला नाही म्हणताना प्रथमच पाहिलं.

त्या शनिवारी ते गाड्यांच्या एका शोरूममध्ये गेले. घरातल्यांना वाटलं, जुनी गाडी सर्व्हिसिंगला नेली. शोरूममधल्या सेल्समनने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि ते बोलत होते ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. आयुष्यात असं प्रथमच घडत होतं. ज्या माणसाने आपलं सगळं ऐकलं त्याला नाही कसं म्हणायचं? टिपणिसांनी गाडी घेतली.

गाडी विजेवर चालणारी आणि परफॉर्मन्स जातीची होती. परफॉर्मन्स गाडी म्हणजे जी काही क्षणांत एवढा वेग घेते की पुढच्या ट्रॅफिक जॅममध्ये आपण बाकीच्यांच्या आधी उभे असतो. तिला इंजिन नव्हतं. त्यामुळे आवाजही नव्हता, आणि इथेच उत्पादकांची थोरवी दिसते. ज्याने एवढे पैसे मोजले त्याला शांतता देणं ही फसवणूक ठरेल, हे त्यांनी ओळखलं. परदेशातल्या तज्ज्ञांनी एका जुन्या, आठ सिलिंडरच्या, आता दिवंगत इंजिनाचा आवाज जपून ठेवला होता, तो पायाच्या दाबाप्रमाणे कमीजास्त होऊन स्पीकरमधून येत असे. गिअर नव्हते, पण गिअर बदलल्याचा धक्का बसे. पडद्यावर आवाजांची निवड होती : 'वनराज', 'शर्यत', 'अंतराळ' आणि तळाशी, बारीक अक्षरात, 'शांत'. 'शांत' दाबलं की गाडी विचारायची, 'तुमची खात्री आहे का?' 'हो' म्हटलं की पुन्हा विचारायची.

"म्हणजे आत कॅसेट लावलीय," सुहासिनी म्हणाली.

"कॅसेट नाही गं. ध्वनी-अनुभव आहे तो."

"अहो, मग आपल्या मिक्सरलाही आठ सिलिंडर आहेत. चटणीचा अनुभव रोज देते की मी तुम्हाला."

दिल्लीतला मराठी माणूस नवी गाडी घेतो तेव्हा पहिली फेरी पानिपतची. आधी काळ्या आंब्याच्या स्मारकापाशी हात जोडायचे, मग बाजारात चादरी घ्यायच्या. पराभवाचं दुःख आणि डबलबेडचा सेट एकाच डिकीतून परत आणायचा, असा प्रघात आहे. हायवेवर बाबांनी 'वनराज' लावला. आत असा काही गडगडाट झाला की सुहासिनीने पर्स छातीशी धरली. बाबांचा चेहरा उजळला. ते पुढच्या ट्रॅक्टरला म्हणाले, "ए, हट बाजूला!" आणि हे वाक्य मागच्या सीटवर कृतिकाला स्पष्ट ऐकू आलं. तिने कानातले इअरफोन काढून पाहिले. बाबाच बोलत होते.

ट्रॅक्टर हटला नाही. कारण सगळी गर्जना गाडीच्या आत होती. बाहेर गाडी मांजरीसारखी चालली होती. गर्जणाऱ्यालाच ती गर्जना ऐकू यावी, ही सोय मोठ्या पदांवर असलेल्या लोकांना पूर्वीपासून आहे, पण टिपणिसांचं तेवढ्यावर भागलं नाही. सोसायटीच्या गेटवर द्वारका नावाचा गार्ड तसाच पाठ करून बसला होता. तीन हॉर्न झाले तेव्हा तो म्हणाला, "अरे साब, आप कब आए?"

पुढच्याच रविवारी बाबा करोल बागेत होते. तिथल्या गाडी-बाजारात बंपरच्या मागे बसवायचे स्पीकर मिळतात. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "साब, रौब कितना चाहिए?" टिपणिसांनी नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं, दुकानदाराला ते ऐकू आलं नाही, आणि त्याने सगळ्यात मोठा बसवला. स्पीकर मोबाइलवरच्या ॲपमधून चालायचा; 'वनराज'सकट सगळे आवाज त्यात होते, आणि एकदा निवडला की गाडी चालताना तो आपोआप यायचा. बाबांचा फोन 'सुप्रभात' संदेशांनी गच्च भरलेला असल्यामुळे त्यात ते ॲप मावेना. ते कृतिकाच्या फोनमध्ये टाकण्यात आलं. (घराघरातली सत्ता खरी कुणाकडे असते, हे यावरून कळतं.)

परिणाम तात्काळ होते. पूर्वी गेट उघडायला सरासरी तीन हॉर्न लागत. आता गाडी कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापाशी असतानाच द्वारका सलाम ठोकून उभा असे. पूर्वी टिपणिसांच्या जागेवर कुणीही गाडी लावी. आता शेजारच्या दोन जागाही रिकाम्या राहू लागल्या. लिफ्टमधले लोक, जे त्यांना अकरा वर्षं 'चौथा मजला' म्हणून ओळखत होते, 'टिपणीस साब' म्हणू लागले. बाबांनी काही नवीन म्हटलं होतं असं नाही. ते अजून काहीच म्हणत नव्हते. पण आता ते आठ सिलिंडरने म्हणत नव्हते.

आणि एके दिवशी त्यागी स्वतः घरी आले, चहा प्यायले, आणि टिपणिसांना प्रीमियम पार्किंग उपसमितीचं अध्यक्षपद देऊन गेले.

जेवताना कृतिकाने पोळी ताटात ठेवली. "बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

"मी 'बघू' म्हणालो."

"'बघू' म्हणजे आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे 'देखेंगे' म्हणजे हो!"

"अगं, तिथे चार्जिंग पॉइंट येणार आहे. आणि..." बाबा वरणात चमचा फिरवत राहिले. "ते लोक माझं ऐकतात गं आता. मी काल म्हटलं पंखा लावा, तर लावला."

"पंखा?" कृतिकाचा आवाज कोर्टवरचा झाला. "बाबा, मी तिथे बोलायला शिकले. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही पण या, मी शिकवते. पण कोर्ट घालवून पंखा काय घेताय?"

बाबा काहीतरी बोलले. या वेळी सुहासिनीनेही 'काय म्हणाले' असं विचारलं नाही. तिने फक्त त्यांच्या ताटात न मागता भात वाढला, थोडा जोरात.

दुसरी सभाही कोर्टवरच भरली. एका अंगाला टिपणिसांची गाडी मुद्दाम धुऊन उभी केली होती, होऊ घातलेल्या पार्किंगचा नमुना म्हणून. अध्यक्ष या नात्याने बाबा पहिल्या रांगेत, पंख्यासमोर. प्रेमला मेश्राम मागे, शेजारची खुर्ची रिकामी. कुंपणाबाहेर टीम. कृतिकाच्या हातात फोन.

"जो पक्ष में हैं?" त्यागींनी विचारलं. बाजूने दणदणीत आवाज आला. समोसे दिसत होते.

"जो विरोध में हैं?"

कुंपणाबाहेरून आठ मुली जीव तोडून ओरडल्या. कबुतरं उडाली. त्यागींनी वात्सल्याने मान हलवली. "बच्चों का वोट नहीं होता, बेटा. सभासदों में से कोई?" आणि त्यांनी पेनचं टोपण लावायला घेतलं.

कृतिकाने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ वाकलेली होती, उठू की नको अशी. तिने फोनवर 'वनराज' दाबला आणि आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली.

असा विरोध प्रशांत व्हिस्टा ग्रँडच्या इतिहासात झाला नव्हता. प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरल्या. बी टॉवरच्या खिडक्या आपोआप बंद झाल्या. समोशांचा वरचा थर घसरला. एका बाजूला उभ्या तीन गाड्यांचे चोर-अलार्म वाजू लागले, म्हणजे त्याही विरोधात सामील झाल्या. मग सगळं थांबलं, आणि कोर्टवर अशी शांतता पसरली, जी त्या परिसरात फक्त निकालाच्या आदल्या मिनिटाला असते.

"किसने बोला?" त्यागींनी विचारलं.

"साब," द्वारका सावधान उभा राहून म्हणाला, "टिपणीस साब की गाड़ी ने."

सगळ्यांनी टिपणिसांकडे पाहिलं. ते उठले. 'चुकून झालं' म्हणणं सोपं होतं. चुकून झालं असं म्हणण्यावरच त्यांची नोकरी चालली होती. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं, तिथे कृतिकाने फोन पाठीमागे लपवला होता आणि पुढे रिकामा हात हलवत होती. जुन्या सवयीने. मोकळ्या जागी उभं राहून.

"गाड़ी ने..." बाबा म्हणाले. अगदी त्यांच्याच आवाजात. पण सगळे गप्प असल्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "गाड़ी ने जो कहा, वो मेरा मत है. कोर्ट रहेगा."

आवाजी मतदानाचा नियम स्पष्ट होता. विरोधाचा आवाज निर्विवाद मोठा होता. त्यागी नियमाचे पक्के. ठराव फेटाळला गेला. 'सदनिका बी-४०४ तर्फे वाहनाने विरोध नोंदवला', असं इतिवृत्तात आलं. मुलींनी बाबांना उचलण्याचा प्रयत्न केला, आणि सुहासिनी गर्दीत मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकू आलं हो!"

लोकशाही मात्र पुढे जात राहते. महिन्याभरात सोसायटीतल्या निम्म्या गाड्या करोल बागेला जाऊन आल्या. त्यागींनी 'वाहनमत नियमावली' तयार केली. एका सदनिकेला एकच गाडी मत देईल. ट्रकचा आवाज लावलेल्या हॅचबॅकचं मत हॅचबॅकचंच धरलं जाईल. ॲम्ब्युलन्सचा सायरन हे मत नसून हरकतीचा मुद्दा आहे. स्कूटरला सूचना मांडता येईल, मतदान करता येणार नाही. एवढ्या गाड्या बेसमेंटमध्ये गरजल्या तर टॉवर कोसळेल, असं इंजिनिअरने लिहून दिल्यामुळे मतदानासाठी मोकळी जागा कायम राखणं आवश्यक झालं. अशा रीतीने कोर्ट वाचलं, ते घटनात्मक गरज म्हणून. महिन्यातून एकदा तिथे गाड्या मत देत, बाकी दिवस मुली खेळत. बाबा संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून "पास!" म्हणायला शिकत होते. त्यांचा आवाज आता कुंपणाच्या आत येऊ लागला होता.

पुढच्या सभेत कृतिकाच्या टीमने अर्ज दिला : सरावाची वेळ पहाटे साडेपाचपासून असावी. बाबांच्या संमतीने तिने स्वतः 'वनराज' दाबला. बाजूने अकरा गाड्या गरजल्या, एक 'अंतराळ'सुद्धा. धुरळा खाली बसला. त्यागींनी विचारलं, "विरोध में?" पण अलार्म अजून वाजत होते. मागच्या रांगेत प्रेमला मेश्राम कृतिकाला अर्ध्या उठलेल्या दिसल्या. त्यांचे ओठ हलत होते. सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी जिन्यात दोघी भेटल्या.

"मावशी, काल तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही गं बाई. विरोध करून राहिली होती." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आता पहाटे तुमचा बॉल माझ्या खिडकीवर बसणार ना. रात्री ऑफिसचं काम करून झोपते मी, अन् साडेपाचला धाड, धाड."

"अय्या, मावशी!" कृतिका मनापासून हळहळली. तिने त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. "मग बोलायचं होतं ना!"

प्रेमलामावशी काही बोलल्या नाहीत, किंवा बोलल्या असतील. कृतिकाला सरावाला उशीर होत होता.

ही कथा इथे संपते. वाचकांपैकी कुणाचा या शेवटाला विरोध असल्यास तो आत्ताच नोंदवावा.

कुठूनही आवाज आला नाही. सबब, आपलीही संमती आहे असे समजण्यात येत आहे. समोसे बाहेर ठेवले आहेत.